छपराखाली न बोलण्याच्या गोष्टी

आमच्या लोकांना संकट आलेलं चालतं, संकटाचं नाव घेतलेलं चालत नाही. आमच्या डिंडोलीच्या घरात बाहेर पडताना कुणी ‘जातो’ म्हणालं, तर माय हातातलं काम टाकून उंबऱ्यापर्यंत येते आणि ‘येतो’ म्हणवून घेतल्याशिवाय चप्पल घालू देत नाही. लहानपणी गच्चीच्या कठड्यावर चढलेल्या मावसभावाला मी ‘पडशील’ म्हणाले होते. तो पडला नाही, थोबाडीत मात्र मला बसली. कारण वास्तू सगळं ऐकत असते आणि दिवसातून एकदा केव्हातरी ‘तथास्तु’ म्हणते. केव्हा म्हणते ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून दिवसभर तोंड सांभाळायचं.

अशा घरात वाढून मी इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा केला. म्हणजे वाईट काय काय होऊ शकतं ते मोठ्याने बोलायचं आणि वर त्याचा पगार घ्यायचा. माय पाहुण्यांना ‘वर्षा मिलमां ऑफिसात शे’ एवढंच आमच्या अहिराणीत सांगते. मी नेमकं काय करते हे सांगायचं म्हटलं की ती विषय बदलून चहा ठेवायला उठते.

नोकरी लागली ती पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, जिथे पॉलिस्टर कापडाचे ताके रंगवतात. माझे वडील, भिकनआप्पा, तिथे चोवीस वर्षांपासून चार नंबरचं जेट चालवतात. जेट म्हणजे एक आडवं लोखंडी पिंप समजा. आत कापड, रंग आणि पाणी. झाकण बंद करून एकशेतीस डिग्रीला, दाबाखाली, ते सगळं फिरवायचं. मग थंड करायचं, दाब उतरू द्यायचा आणि झाकण उघडायचं. दाब असेपर्यंत झाकण उघडूच नये म्हणून त्याला एक लॉक असतं. चार नंबरचं लॉक आठ महिन्यांपासून बिघडलेलं होतं आणि कुणीतरी ते तारेने बांधून ठेवलं होतं. दाब गेला की नाही हे आप्पा झाकणावर तळवा ठेवून, कान लावून ओळखत. मीटरकडे बघणं त्यांना कमीपणाचं वाटे.

त्या अख्ख्या मिलमध्ये मला भीती वाटायची ती त्या एका झाकणाची. रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मॅनेजरसाहेबांकडे गेले आणि मशीन बंद ठेवून लॉक बदला म्हणाले. साहेबांनी आप्पांना फोन लावला, दोन मिनिटं बोलले आणि माझ्याकडे वळून गुजरातीत म्हणाले, “वर्षाबेन, भिकनभाई तो कहे छे, मशीन बराबर छे.” ऑपरेटरची तक्रार नसताना चालतं मशीन कोण बंद करणार? घरी येऊन मी आप्पांशी भांडले. ते ताटातल्या भाकरीकडे बघून म्हणाले, “आते जेवाना टाइमले भलतं बोलू नको.” झालं, विषय संपला.

मग परदेशी गिऱ्हाइकाची तपासणी ठरली, शनिवारची. त्यांना धोक्यांचं रजिस्टर हवं होतं आणि तेही कामगारांच्या तोंडून आलेलं. साहेबांनी मला बोलावलं. “एमना मोढामांथी कढावो. तमारा ज लोको छे.” माझेच लोक आहेत हीच तर अडचण होती, पण साहेबांना ते कसं सांगणार! आणि मला यात एक वाट दिसत होती. एकदा का आप्पांच्या तोंडून झाकणाचं निघालं आणि रजिस्टरमध्ये गेलं, की साहेबांनाही मशीन बंद करावंच लागलं असतं.

सोमवारी मी ताक्यांच्या गोदामात तीस जणांना बसवलं आणि समजावून सांगितलं. प्रत्येक धोक्याला दोन आकडे द्यायचे. तो प्रसंग घडायची शक्यता किती, एक ते पाच. घडलाच तर परिणाम किती वाईट, एक ते पाच. एक म्हणजे खरचटणं, पाच म्हणजे मृत्यू. ‘मृत्यू’ म्हटल्याबरोबर पुढच्या रांगेतल्या लोटूकाकांनी कानाच्या पाळ्यांना हात लावला. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा. पंधरा किंवा त्याच्या वर गेला, की लाल शेरा आणि दुरुस्ती होईपर्यंत काम बंद. समजलं का? सगळ्यांनी माना डोलावल्या. मी प्रत्येकाला एकेक फॉर्म दिला.

बुधवारी फॉर्म परत आले. लोटूकाका हायड्रो चालवतात, म्हणजे ओलं कापड गरागरा फिरवून पिळणारं यंत्र. त्यांनी ‘काय होऊ शकते’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘कानबाईमातेच्या कृपेने काही नाही’. कलर रूमच्या पंडितमामांनी ‘ज्याचे त्याने समजावे’ असं लिहून खाली झोकात सही केली होती. फोल्डिंगचा भगवान जालन्याकडचा, त्याने सगळीकडे पाचपैकी पाच भरले होते. “ताई, तुमची नोकरी नवी हाय, मार्क कमी पडाय नको,” तो म्हणाला. सगळ्या कष्टांचा हा निकाल! आप्पांचा फॉर्म कोरा होता, फक्त वरच्या कोपऱ्यात ‘श्री’ काढलेला होता.

माझं डोकं फिरलं. जेवणाच्या सुट्टीत मी या चौघांना हायड्रोजवळ गाठलं.

“लोटूकाका, मागच्या महिन्यात तुम्ही इथेच घसरून पडलात ना? अख्ख्या खात्याने बघितलं.”

“मी पडनू नही,” काका शांतपणे म्हणाले. “बठनू.”

“चालत्या हायड्रोशेजारी? ओल्या फरशीवर? पाय वर करून?”

“बठाना बी काही प्रकार ऱ्हातस, बेटा.”

बाकीचे गंभीरपणे ऐकत होते. कुणी हसलंसुद्धा नाही. शेवटी पंडितमामांना माझी दया आली असावी. “वर्षा, तू शिकेल शे, पन ऐक. छप्परखाले भलतं बोलू नही. वास्तू तथास्तु म्हनस. आम्ही लिखी दिधं आणि तिनी ऐकी लिधं तर?”

तीन वर्षांच्या डिप्लोम्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी चिडून विचारलं, “मग छप्परच नसेल तर?”

हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता. लोटूकाकांनी पत्र्याकडे बघितलं, मग दाराबाहेरच्या उन्हाकडे. पंडितमामांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, “मोकया आभायखाले वास्तू कथाईन येई?”

“आणि रस्त्याला तर वास्तूच नाही,” मी लगेच पुढे रेटलं. “चला गेटबाहेर. चहा माझ्याकडून.”

गेटबाहेर चहाची लारी, म्हणजे हातगाडी, आहे. तिथे बसणार तोच लोटूकाका अडले. लारीवर निळी ताडपत्री बांधलेली होती. ताडपत्री म्हणजे छप्पर का? यावर पाच मिनिटं खल झाला. पंडितमामांचं म्हणणं, ज्याची वास्तुशांत होत नाही ते छप्पर नव्हे. भगवानचं म्हणणं, त्याच्या गावाकडे मांडवातसुद्धा अभद्र बोलत नाहीत. आप्पांनी तोवर बाकड्याचं एक टोक धरलं होतं. शेवटी बाकडं उचलून भर दुपारच्या उन्हात, खाडीच्या वासात, रस्त्याच्या कडेला ठेवलं. चहावाल्याने आमच्याकडे बघून कपाळाला हात लावला.

पहिला घोट पोटात गेला आणि लोटूकाकांचं तोंड सुटलं.

“मना हायड्रोना ब्रेक धरस नही. ढक्कन उघडं ठेवीसन फिरावनं पडस. कापड पकडाले हात गया ना, ते खांदापावत जाई. माणूसबी जाई!”

मी लिहायला लागले. शक्यता तीन, परिणाम पाच, पंधरा. तोवर पंडितमामांनी कप खाली ठेवला होता. कलर रूममधल्या एका पावडरला पाणी लागलं की ती पेट घेते, आणि तिच्या डब्यांवरचा पाइप पावसाळ्यापासून गळतोय. मामा त्याखाली बादली ठेवतात. बादली भरली की दुसरी ठेवतात. शक्यता चार, परिणाम पाच, वीस.

“त्याना वीस आणि मना पंधरा?” लोटूकाका उखडले. “हाई बरं नही, वर्षा. मना आठे दोन माणसं उभा ऱ्हातस!”

“शक्यता दोघांची मिळून धरायची का?”

“धर ना! आणि पहिला माणूस मीच शे, तो तर नक्की जाई.”

मग भाजीबाजारासारखी घासाघीस सुरू झाली. दोन दिवस ज्यांच्या तोंडून अवाक्षर निघत नव्हतं, ते एकमेकांवर चढवून सांगायला लागले. दुसऱ्या खात्यातली माणसंही जेवण टाकून येऊन उभी राहिली. उघड्या वायरी, गेलेली जाळी, जिन्याची तुटलेली पायरी, ॲसिडचा कॅन उचलताना फाटणारे हातमोजे. ‘मी बठनू’ हे प्रकरणसुद्धा लोटूकाकांनी स्वतःहून ‘मी पडनू’ असं दुरुस्त करून दिलं, वर कंबर दाखवली. अर्ध्या तासात एकेचाळीस धोके झाले. भोंगा वाजायला आला तरी माणसं हलेनात. त्यांना बरं वाटत होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं ते, कुणीतरी विचारायची वाट बघत.

एकटे आप्पा बशीत चहा ओतून पीत होते.

“आन तुमच्या आप्पांचं काय लिवलं, ताई?” भगवानने विचारलं. तो जालन्यात असता किंवा इथे, त्याने कुणाची भीड ठेवली नसती. “चार नंबरचं ढक्कन?”

मी पेन कागदावर टेकवून आप्पांकडे बघितलं. ते वर आभाळाकडे बघत होते, खात्री करून घेतल्यासारखे. मग बशी खाली ठेवून, कुणाकडेही न बघता म्हणाले, “कानबाईना आठवडाले एक बार वाफ उनी व्हती.”

“किती?”

“थोडी. टोपी उडीसन पत्राले लागनी. मान जराशी चटकनी.”

कानबाईच्या सणाला रोट करतात, त्याच्या आदल्या दिवशी आप्पा मान भाजून घरी आले होते. लारीवर कुणाच्यातरी धक्क्याने चहा सांडला, असं त्यांनी सांगितलं होतं. मलम मीच लावलं होतं. लावता लावता त्या चहावाल्याला मी काय काय बोलले होते! तो बिचारा आता समोर उभा राहून कप विसळत होता. आप्पांची टोपी डोक्यावरून उडून पत्र्याला लागली होती आणि मी चहावाल्याला शिव्या देत बसले होते. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. पण समोर पंधरा माणसं होती, म्हणून नाक ओढून मी फक्त ‘जेट चार, झाकण’ एवढं लिहिलं.

संध्याकाळी घरी पलंगावर बसून मी रजिस्टरची साफ प्रत करायला घेतली. माय मेथी निवडत होती. मी भराभर लिहीत होते. हायड्रो, लोटू, मृत्यू. कलर रूम, पंडित, मृत्यू. जिना, गंभीर दुखापत. सकाळपर्यंत या मंडळींना हसत होते, आता लोटूकाकांना दोनदा आणि पंडितमामांना एकदा मारून मोकळी झाले होते, हात जराही अडखळला नाही. हा माझा धंदाच आहे, मी तसं शिकलेच आहे.

मग सत्ताविसावी ओळ आली. यंत्र, जेट चार. धोका, दाब असताना झाकण उघडणे. ऑपरेटर, भिकन. शक्यता मी पाच लिहिली, कारण दिवसातून तीनदा ते झाकण लॉकशिवाय उघडलं जातंच. पुढचा रकाना परिणामाचा. एकशेतीस डिग्रीचं पाणी, दाबाखालचं, आणि त्याच्यावर वाकलेला माणूस. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या वर्षाच्या पोरानेही पाच लिहिलं असतं.

मी दोन लिहिलं. ‘किरकोळ भाजणे.’ पाच गुणिले दोन दहा. दहा म्हणजे पिवळा शेरा, एक सूचनाफलक लावायचा आणि काम चालू. यामुळे मशीन बंद होणार नाही, लॉक बदलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ज्यासाठी रुजू झाल्यापासून जिवाचं रान केलं तेच मी माझ्या हाताने घालवत होते. तरी दुसरा शब्द लिहवेना. वर छप्पर होतं, खाली माय बसली होती, आणि त्या नावापुढे तो शब्द मांडायला माझा हातच पुढे जाईना. डिप्लोमा गेला खड्ड्यात. मी दोन लिहिलं, खाली रेघ मारली आणि अठ्ठाविसाव्या ओळीवर गेले.

आप्पा आंघोळ करून टॉवेलने डोकं पुसत आले आणि माझ्या शेजारी बसले. चष्मा लावून त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण मी लिहीत होते मराठीतून आणि आकड्यांच्या बाबतीत त्यांना कुणी फसवू शकत नाही. चोवीस वर्षं रंगाच्या चिठ्ठ्या वाचलेल्या. दशांश चुकला तर अख्खा ताका वाया जातो.

“हाऊ दोन कसाना?” त्यांनी बोट ठेवलं.

“परिणामाचा.”

“लोटूले पाच आणि माले दोन?”

“आप्पा, तुम्हाला अंदाज आहे ना. तुम्ही हात लावून बघता. लागलं तरी थोडंसंच...”

“पानी कितलं गरम ऱ्हास?”

मी पेनला टोपण लावलं.

“तू माले शिकाडस ना? सांग.”

“एकशेतीस.”

“आणि मनं तोंड कथा ऱ्हास?”

“वर. झाकणावर.”

“मंग पाच लिख.”

“नाही लिहिणार.” मी इतक्या जोरात म्हणाले की मायने मान वर केली. “तुम्ही रोज तळवा ठेवून उघडायचं, टोपी उडाली तर चहाची गोष्ट सांगायची, आणि मी इथे बसून लिहायचं होय? मला नाही जमत. नाही म्हणजे नाही.”

आप्पांनी मला रडू दिलं. मग घसा खाकरून, फॉर्मवर ‘श्री’ काढणारा तो माझा बाप, घराच्या मधोमध, डोक्यावर छप्पर असताना, मायला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

“सरला, ऐक. चार नंबरनं लॉक तुटेल शे. आठ महिना व्हई गयात. कानबाईना टाइमले मान भाजनी ती चहामुये नही. ते ढक्कन उघाडता उघाडता मी एक दिन मरी जासू.”

मायच्या मांडीवरची मेथी तशीच राहिली. मी वाट बघत होते की आता ती कानावर हात ठेवेल, थू थू करेल, मीठ-मोहऱ्या काढायला उठेल, आप्पांना फाडून खाईल. ती उठलीच. पण वळली माझ्याकडे.

“आणि तुले हाई माहीत व्हतं?”

“लॉकचं माहीत होतं.”

“मंग ते मशीन बंद कर ना!” माय ओरडली. “तू तठे काय कराले बठेल शे?”

मी दोन खोडलं. खोडून पाच लिहिलं, शेजारी तो शब्द लिहिला, आणि गुणाकार आला पंचवीस. त्याच्या वरचा आकडा त्या तक्त्यात नाही. लिहून झाल्यावर माय मेथी निवडायला खाली बसली, पण पानं कचऱ्यात आणि काड्या टोपल्यात टाकत होती. आप्पांनी ती दोन्ही भांडी हळूच इकडची तिकडे केली.

गुरुवारी सकाळी मी चार नंबरवर लाल पाटी अडकवली. दहा मिनिटांत मॅनेजरसाहेब आले, रजिस्टर बघितलं, घाम पुसला आणि आप्पांना बाजूला घेतलं. “भिकनभाई, चोवीस वरसमां तो कंई थयुं नथी!”

“नथी थयुं, साहेब,” आप्पा म्हणाले. “एटले तो लखाव्युं.” म्हणजे, म्हणूनच तर लिहवून घेतलं.

साहेबांनी रजिस्टर मिटून फोन काढला. शनिवार डोक्यावर होता. लॉक शुक्रवारी दुपारी बसलं, बरोबर हायड्रोचा ब्रेक आणि कलर रूमचा पाइपही झाला. पंधरालाच सही झाली म्हणून लोटूकाका अजून माझ्यावर थोडे नाराज आहेत.

संध्याकाळी पाचला चार नंबरवर पहिली बॅच उतरायची वेळ झाली. मरून रंग, अर्जंट ऑर्डर. आप्पांनी सवयीने झाकणावर तळवा ठेवला, कान लावला, मान हलवली आणि हँडल ओढलं. हँडल जागचं हललं नाही. आत अजून दाब होता. त्यांनी पुन्हा ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं, लाथ मारली. मग लक्षात आलं. सगळ्या खात्याच्या देखत चोवीस वर्षं मुरलेल्या ऑपरेटरला एका लोखंडी खिळीने हात जोडून उभं केलं होतं. आप्पा कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे वळले आणि त्यांनी सुरुवात केली. माझ्या लॉकला, माझ्या डिप्लोम्याला, मला ॲडमिशन देणाऱ्या कॉलेजला, मला हे नाव ठेवणाऱ्या आत्यालासुद्धा त्यांनी सोडलं नाही. दाब पूर्ण उतरायला अकरा मिनिटं लागली. अकरा मिनिटं माझा बाप मला अहिराणीत शिव्या देत होता, आणि मी घड्याळ धरून समोर उभी राहून त्यातली प्रत्येक नीट ऐकत होते.